काटो युनिट्रॅक : फ्लॅटमधल्या लेआउटसाठी घ्यावे का?

घरी मॉडेल रेल्वे उभारायची म्हटले की बहुतेकांचे सगळे लक्ष इंजिनाकडे जाते आणि रूळ म्हणजे पेटीबरोबर येणारा किरकोळ माल समजला जातो. लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी रेल्वे, चालतो की रडतो हे मात्र रुळांवरच ठरते, कारण गाडी घसरते ती जोडावर, अडखळते ती वीज न पोहोचलेल्या तुकड्यावर आणि डबे एकमेकांना घासतात ते चुकीच्या अंतरावर टाकलेल्या दोन मार्गांवर. म्हणून काटो या जपानी कंपनीच्या एन स्केलमधील (म्हणजे खऱ्या गाडीच्या १:१५० ते १:१६० प्रमाणातील) ‘युनिट्रॅक’ या रूळसंचाचे हे परीक्षण लिहिताना इंजिने बाजूला ठेवली आहेत. मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना दिवाणखान्यातला लेआउट संध्याकाळी मांडून रात्री आवरावा लागतो, त्यांनी दुसरे काही शोधू नये; ज्यांच्याकडे लेआउटसाठी कायमची खोली आहे, त्यांनी मात्र पैसे मोजण्यापूर्वी थोडे थांबावे.

युनिट्रॅकचा रूळ खडीचा रंग आणि पोत दिलेल्या प्लास्टिकच्या भरावासकट येतो. रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर, भरावाची रुंदी तळाशी २५ मिलिमीटर आणि रूळ निकेल-सिल्व्हरचा. दोन तुकडे जोडणारी ‘युनिजॉइनर’ ही प्लास्टिकची छोटी चाप असून तिच्या पोटात धातूची जोडपट्टी असते. तुकडे समोरासमोर धरून सरळ रेषेत दाबले की ‘खट्’ असा आवाज येतो आणि यांत्रिक व विजेचा असे दोन्ही जोड एकदमच बसतात. जोड नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी रुळाच्या माथ्यावरून नख फिरवावे. नख अडले तर चाक अडणारच. तेवढ्यासाठी तुकडे वाकवून सोडवू नयेत, सरळ ओढून काढावेत आणि पुन्हा जोडावेत. ही जोडणी वारंवार काढ-घाल करूनही ढिली पडत नाही, आणि युनिट्रॅकच्या किमतीचे खरे समर्थन मला येथेच दिसते.

आता मापांकडे वळू, कारण घाईत केलेली खरेदी बहुतेक वेळा इथेच फसते. युनिट्रॅकचा मूळ सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा असून १२४ आणि ६२ मिलिमीटर हे त्याचे निम्मे आणि चतुर्थांश भाग आहेत. वळणांच्या त्रिज्या २४९, २८२, ३१५ आणि ३४८ मिलिमीटर अशा प्रत्येकी ३३ मिलिमीटरने वाढत जातात आणि ४५ अंशांच्या आठ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होते. सुरुवातीच्या संचांमध्ये बहुधा ३१५ची वळणे मिळतात. त्या वर्तुळाला भरावासह सुमारे ६५.५ सेंटिमीटर रुंदी लागते, म्हणजे हौसेने कापून आणलेल्या ४ फूट बाय २ फूट प्लायवर, ज्याची रुंदी ६१ सेंटिमीटरच भरते, तो संच बसत नाही. तेथे २८२ची वळणे घ्यावी लागतात, आणि तीही दोन्ही कडांना जेमतेम एकेक सेंटिमीटर सोडून बसतात. इंजिन घसरले तर ते थेट फरशीवर पडेल, याचा विचार करून अशा फळीला कडेने किमान दोन इंच उंचीची पट्टी ठोकून घ्यावी.

माझ्या मते घरगुती लेआउटसाठी ६ फूट बाय ३ फूट हे माप सर्वांत सोयीचे आहे. सुतारकामाच्या साहित्याच्या दुकानात या मापाची फळी सहज मिळते आणि ती पलंगाखाली उभी-आडवी सरकवता येते. या फळीवर ३१५ची वळणे आणि प्रत्येक लांब बाजूला २४८चे चार व १२४चा एक तुकडा घातला, तर सरळ भाग सुमारे १११ सेंटिमीटरचा होतो आणि दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतात. त्याच्या आतून २८२ची वळणे टाकली की दुहेरी मार्गही ९१ सेंटिमीटर रुंदीत आरामात मावतो. १:१५० प्रमाणातला २० मीटरचा जपानी डबा साधारण १३ सेंटिमीटरचा असतो, तेव्हा या सरळ भागात आठ डब्यांची गाडी उभी राहते. मात्र स्थानकासाठी दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, घातले की सहाच डबे उरतात. आपल्याकडची चोवीस डब्यांची एलएचबी गाडी १:१६०मध्ये साडेतीन मीटरची होईल, त्यामुळे ते स्वप्न फळीवर नव्हे, गच्चीवरच पाहिलेले बरे.

सांध्यांच्या बाबतीत काटोने दोन प्रकार ठेवले आहेत, आणि त्यांतला फरक मापांच्या तक्त्यात एका ओळीत दडलेला असतो. चार क्रमांकाचा सांधा १२६ मिलिमीटर लांबीचा असून त्याच्या वळत्या मार्गाची त्रिज्या ४८१ मिलिमीटर आहे. सहा क्रमांकाचा १८६ मिलिमीटरचा आणि त्याची त्रिज्या ७१८. दिसायला सहा क्रमांकाचा सांधा कितीतरी डौलदार आहे, लांब डबे त्यावरून हेलकावा न खाता जातात, आणि मी स्वतः यार्डाच्या तोंडाशी तोच वापरावा असे सांगेन. परंतु समांतर मार्गांमध्ये सहा क्रमांकाचे दोन सांधे जोडून क्रॉसओव्हर, म्हणजे एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणारी जोडवाट, केला, तर मार्गांमधले अंतर ४९.५ मिलिमीटर होते, आणि वळणांनी दिलेले अंतर तर ३३चे आहे. जोडाजोड जमत नाही म्हणून अनेकजण रूळ जबरदस्तीने वाकवतात. ३३ मिलिमीटरसाठी चार क्रमांकाची जोडी किंवा ३१० मिलिमीटरचा तयार दुहेरी क्रॉसओव्हर घ्यावा, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

सांध्यांची मोटर भरावाच्या आतच असते, ही फळीखाली मोटरी लावत बसण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. मात्र ही मोटर दोन तारांची असून प्रवाहाची दिशा उलटवून चालते, त्यामुळे इतर कंपन्यांच्या तीन तारांच्या मोटरींसाठी केलेली बटणे तिला लागू पडत नाहीत. प्रवाह क्षणभरच द्यायचा असतो. साधा दिव्याचा खटका लावून तो चालू ठेवला तर आतले वेटोळे जळते, म्हणून काटोचाच निळा खटका घ्यावा किंवा बोट उचलताच सुटणारे बटण वापरावे.

विजेच्या जोडणीत एक गोष्ट समजून घेतली तर पुष्कळ त्रास वाचतो. सांधा ज्या मार्गाला लावलेला असेल त्याच मार्गाला वीज देण्याची व्यवस्था सहा क्रमांकात कायमची आहे, तर चार क्रमांकात तळाचे स्क्रू हलवून ती ठेवता किंवा काढता येते. एकाच कंट्रोलरवर दोन इंजिने ठेवायची असतील तर ही व्यवस्था वरदान आहे, कारण सायडिंगकडचा (गाडी बाजूला उभी करायच्या मार्गाकडचा) सांधा बंद केला की तिथले इंजिन आपोआप थांबून राहते. उलट, डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच वेगळी आज्ञा देणारी डिजिटल पद्धत, वापरणाऱ्यांना सायडिंगमध्येही दिवे आणि आवाज हवे असतात, म्हणून त्यांनी चार क्रमांकाचे स्क्रू बदलून घ्यावेत आणि सहा क्रमांकाच्या पुढच्या प्रत्येक मार्गाला स्वतंत्र फीडर (रुळाला वीज पोहोचवणारी तार) द्यावा. फीडरच्या बाबतीत कंजुषी नको. संचात एकच फीडर असतो आणि लहान वर्तुळाला तो पुरतोही, पण सहा बाय तीनच्या फळीवर, जिथे परिघ चार मीटरच्या पुढे जातो, समोरच्या बाजूला दुसरा फीडर दिला की लांबच्या वळणावर गाडी मंदावणे थांबते. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेने जोडांतील धातू काळवंडतो, तेव्हा तर दुसरा फीडर हवाच. रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसे आहे. सँडपेपर मुळीच लावू नये, कारण त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढे घाण अधिकच साचते.

चढ बांधण्याचा मोह सर्वांनाच होतो, विशेषतः ज्यांनी कर्जत-लोणावळा प्रवास खिडकीत बसून केला आहे त्यांना. भोर घाटाचा चढ १ मध्ये ३७ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिने) लावावे लागतात, हे आपण जाणतोच. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी ५ सेंटिमीटर उंची लागते असे धरले, तर त्या चढाने १८५ सेंटिमीटर अंतर कापावे लागेल, म्हणजे सहा फुटांची अख्खी फळी केवळ चढण्यात खर्ची पडेल. ४ टक्के चढ धरला तरी सव्वा मीटर चढायला आणि सव्वा मीटर उतरायला लागतात, त्यातला बराच भाग वळणावर येतो आणि वळणावर इंजिनाची ओढ आणखी घटते. एवढ्या फळीवर माझा सल्ला असा की रूळ सपाट ठेवावा आणि जमीन खाली न्यावी. एक्सपीएसची (दाट, कडक फोमची) फळी कोरून दरी केली आणि तिच्यावरून पूल टाकला, तर डोळ्याला घाट दिसतो आणि गाडीलाही श्रम पडत नाहीत. थर्मोकोल वापरायचा असेल तर रबराचा उग्र वासाचा गोंद त्यावर लावू नये, तो थर्मोकोल विरघळवतो. फेव्हिकोल चालते, फक्त वाळायला रात्रभर द्यावी.

युनिट्रॅकचा देखावा हा त्याचा कमकुवत भाग आहे. करडा भराव कडेला चकचकीत, काटेकोर उतरतो आणि सगळीकडे सारखाच दिसतो. शिवाय तो आतून पोकळ असल्यामुळे उघड्या प्लायवर गाडीचा आवाज घुमतो. आवाजासाठी खाली ३ मिलिमीटरचा ईव्हीए फोम अंथरावा, देखाव्यासाठी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात, माथा लगेच पुसून घ्यावा आणि भरावाच्या उतारावर बारीक चाळलेली काळ्या दगडाची भुकटी पसरावी. पाण्यात निम्मे फेव्हिकोल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब मिसळून ड्रॉपरने सोडले की भुकटी धरते. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र ना भुकटी, ना गोंद. आणखी एक खबरदारी आपल्या मुलखाला खास लागू आहे. आपल्या नद्यांच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीत ओढले जातात. म्हणून वाळू वापरण्यापूर्वी कागदावर पसरून त्यावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवावे.

मोजमापाबाबत चोखंदळ असणाऱ्यांना आणखी एक सल राहील. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:१६०मध्ये साडेदहा मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे ९ मिलिमीटरच्या रुळावर भारतीय गाडी किंचित अरुंद मार्गावर उभी असल्यासारखी दिसणार. जपानच्या नेहमीच्या गाड्यांचे उलटे आहे. त्यांचा १०६७ मिलिमीटरचा मार्ग १:१५०मध्ये सात मिलिमीटरच भरतो. शिनकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन) तेवढी मापात चपखल बसते. मला स्वतःला गाडी धावू लागली की हा फरक जाणवत नाही, पण छायाचित्र काढणाऱ्यांना जाणवेल.

किमतीचा प्रश्न भारतात अवघड झाला आहे. खेळण्यांवरचे मूलभूत सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले आणि मॉडेल रेल्वेही त्याच वर्गात मोडते. त्यामुळे परदेशातील दुकानाची किंमत पाहून हिशेब करू नये. पोस्टेज आणि शुल्क धरूनच आकडा मांडावा. जपानसाठी बांधलेल्या संचातला अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावणे म्हणजे पहिल्याच मिनिटाला कंट्रोलर गमावणे होय. अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत आणि १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले नसेल तर त्याच क्षमतेचा दुसरा घ्यावा. ऑनलाइन मागवताना सुटे सांधे वेगळ्या पाकिटात, वायरींसह आहेत ना हे विक्रेत्याला लेखी विचारलेले बरे.

ज्यांना रूळ कायमचा बसवायचा आहे त्यांच्यासाठी पेको कंपनीचा ९१४ मिलिमीटर लांबीचा लवचीक रूळ अधिक चांगला. तो हवा तसा वळतो, प्रत्येक मीटरमागे जोड कमी येतात आणि खडी आपण स्वतः टाकत असल्यामुळे खराखुरा दिसतो. पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या जोशी यांच्या लघु रेल्वे संग्रहालयासारखा मोठा लेआउट एकाच जागी राहतो, त्याला आवरायचे नसते. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आवरणे हीच पहिली गरज आहे. तिथे मला युनिट्रॅकवर आधारलेली, लेआउट सुट्या पेट्यांवर बांधण्याची टी-ट्रॅक पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्या एका पेटीची लांबी ३०८ मिलिमीटर असते आणि तिच्यावरचा २४८ व ६२ असा मिळून ३१० मिलिमीटरचा रूळ दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर डोकावतो, म्हणून पेट्या टेबलावर शेजारी ठेवून सरकवल्या की थेट रूळच एकमेकांना जोडले जातात. एका पेटीवर फलाट, दुसऱ्यावर भातखाचर, तिसऱ्यावर पूल असे सावकाश करता येते आणि सगळे कपाटाच्या एका फळीत मावते.

पहिल्या खरेदीत मी एक वर्तुळाकार संच, चार क्रमांकाचे दोन सांधे त्यांच्या खटक्यांसह, एक जास्तीचा फीडर आणि ७८ ते १०८ मिलिमीटरपर्यंत लांबणारा सरकता तुकडा एवढेच सुचवेन. हा शेवटचा तुकडा बहुतेक जण वगळतात, आणि मग शेवटचा जोड अर्ध्या सेंटिमीटरने चुकला की त्याच्यासाठी पुन्हा एकदा पोस्टेज आणि शुल्क भरतात.