दुबईहून रत्नागिरीला घर हलवताना अख्खा कंटेनर घ्यावा की मूव्हर्स? काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या अनामत रकमेतून डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडाचे, पैसे कापून घेतल्याचे शिपिंग लाइनचे पत्र नुकतेच आले, म्हणून हा अनुभव आता लिहितो आहे. सामान घरी पोचले त्याच आठवड्यात लिहिले असते, तर कंटेनरची पुष्कळ स्तुती झाली असती. तिच्यातली थोडी आजही मागे घेण्यासारखी नाही.

वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि आमच्या सामानाने ती जेमतेम अर्धी भरली. तरीही आम्ही अख्खा कंटेनर घेतला, कारण मूव्हर्स एकाच कंटेनरमध्ये अनेकांचे सामान भरून आणतात, त्या भागीतल्या मालाचे (एलसीएलचे) पैसे घनमीटरवर लावतात आणि साधारण १५ घनमीटरच्या आसपास दोन्हींचे भाडे बरोबरीला येते. शिवाय आपले सामान दुसऱ्या कोणाच्या सामानात मिसळणार नाही, आपल्यासमोर बोल्ट सील लागेल आणि त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजी मालाच्या पावतीवर, येईल, हे ऐकायला फार बरे वाटते. दुबईच्या जेबेल अली बंदरापासून उरणच्या न्हावा शेवा बंदरापर्यंत सगळे तसेच झाले. सील शाबूत होते, क्रमांक जुळला, काचेचे एक भांडेही फुटले नाही.

कस्टम्सचा भाग थोडक्यात सांगतो. आम्ही आलो तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. त्यांनुसार दोन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला वापरलेल्या घरसामानावर पाच लाख रुपयांपर्यंत सूट मिळे. टीव्ही आणि तीनशे लिटरहून मोठा फ्रिज मात्र त्या सुटीत बसत नसे. पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहावे लागले. क्लिअरिंग एजंट चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती रिकाम्या कंटेनरबद्दल. कंटेनर आपला नसतो, शिपिंग लाइनचा असतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण भाड्याच्या कोटेशनमध्ये तो परत पोचवण्याचा खर्च आणि त्याची मुदत कुठे लिहिली आहे, हे कोणी पाहत नाही, कारण बहुतेक वेळा ती लिहिलेलीच नसते. कंटेनर जहाजावरून उतरला की मोफत दिवसांची मोजणी सुरू होते आणि लाइनने नेमलेल्या यार्डात तो रिकामा जमा झाला की थांबते. सीएफएसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या तपासणीसाठी कंटेनर ठेवतात त्या बंदराजवळच्या गोदामात, माल पडून राहिला तर त्याचे जागाभाडे वेगळे, आणि कंटेनर उशिरा परतला तर लाइनचे डिटेन्शन वेगळे. हे दुसरे बिल डॉलरमध्ये येते. कस्टम्सच्या तपासणीची पाळी येईपर्यंतच मोफत दिवसांपैकी बरेचसे संपलेले असतात.

त्यात आमचे गाव जयगडच्या बाजूला. बंदर घरापासून हाकेच्या अंतरावर असताना सामान मात्र उरणला उतरवून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर रस्त्याने आणायचे, हा विनोद आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने करून झाला आहे. ट्रेलर मुंबई-गोवा महामार्गाने निवळीपर्यंत आणि तिथून चाफ्याच्या तिठ्यापर्यंत विनातक्रार आला. पुढे आमच्या वाडीच्या रस्त्याला त्याला वळणच बसेना. ट्रेलरवरच्या कंटेनरची जमीन छातीइतकी उंच असते, त्यामुळे कपाटे हातांनी झेलत खाली घ्यावी लागली. मग ती छोट्या हत्तीत चढवली आणि शेवटी पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने, डोक्यावरून उतरवली. म्हणजे ज्या सीलच्या भरवशावर अख्खा कंटेनर घेतला, ते उरणला कस्टम्सने कायद्याने तोडले आणि सामानाची खरी हाताळणी त्यानंतरच झाली.

ट्रेलर रिकामा परतला तेव्हा नेमलेल्या यार्डात जागा नव्हती, म्हणून तो बाहेर रांगेत उभा राहिला. ते दिवसही लाइनने माझ्याच खात्यावर धरले. यार्ड तुम्ही नेमता, जागा तुमच्याकडे नाही, आणि दंड मात्र मी भरायचा, हे मी तीन प्रकारे विचारून पाहिले. प्रत्येक वेळी उत्तरादाखल दरपत्रकच आले. रक्कम घर बुडावे इतकी नाही. तरी ज्या माणसाने दुबईत पुठ्ठ्याची खोकीसुद्धा सुपरमार्केटमधून फुकट गोळा केली, त्याला ती सहन होत नाही.

माझा चुलतभाऊ कुवेतहून खेडला परतला तो मूव्हर्समार्फत. त्याचा माल इतरांबरोबर भरेपर्यंत तिकडच्या गोदामात बराच काळ पडून होता आणि त्याचे एक खोके दुसऱ्याच्या घरी जाऊन आले. तेव्हा मी त्याला हसलो होतो. पण त्याचे सामान असलेला कंटेनर उरणलाच रिकामा झाला, पुढचा ट्रक मूव्हर्सचा होता, आणि पडवीत सामान ठेवेपर्यंत जबाबदारी एकाच माणसाची होती. डिटेन्शन हा शब्द त्याने माझ्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला.

पावसाळ्यानंतर माझे मत आणखी थोडे बदलले. वॉशिंग मशीन आणि मिक्सर उत्तम चालले आहेत. विजेचा दाब आणि वारंवारता दोन्हीकडे जुळतात, फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. पार्टिकल बोर्डची दोन कपाटे मात्र श्रावणापर्यंत खालून फुगली आणि बिजागऱ्यांचे स्क्रू भुशातून सुटून आले. भावाकडेही तेच झाले, त्यामुळे हा दोष वाहतुकीचा नाही. ती कपाटे वगळली असती तर आमचे सामान दहा घनमीटरच्या आत आले असते आणि अख्ख्या कंटेनरचा प्रश्नच उद्भवला नसता. सागवानी टेबलाला काही झालेले नाही.

म्हणून सामान कमी असेल तर कोकणासाठी मूव्हर्सच घ्यावेत, मात्र ‘घरपोच’ म्हणजे मोठा रस्ता की घराचा उंबरा, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. सामान खरोखरच कंटेनरभर असेल तर कंटेनर घ्यावा, पण तो सीएफएसमध्येच रिकामा करून तिथून बंद ट्रक करावा; कंटेनर जवळच्या जवळ परत जातो आणि सतरा फुटी ट्रक आमच्यासारख्या वाडीच्या तोंडापर्यंत येतो. मोफत दिवस किती, ते कधीपासून मोजणार आणि यार्ड भरलेले असल्यास ते दिवस कोणाच्या खात्यावर, ही तीन उत्तरे बुकिंगआधी ईमेलवर मागावीत. तिसऱ्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, आणि उरलेली अनामतही.