दोन सिस्टिमचा लॅपटॉप आणि म्हापशातलं एक छोटं दुकान

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण मालकांनीच नको म्हटलं, एकटा माणूस आहे, गर्दी झाली तर काम नीट होत नाही असं त्यांचं म्हणणं. पण जे काम त्यांनी केलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि घरात ज्यांच्याकडे विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही एकाच लॅपटॉपवर आहे त्यांना हे वाचून उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही गोव्यातल्या साखळीचे. लॅपटॉप घरात एकच, 2018 चा. त्यात विंडोज 10 आहे ते बाबांसाठी, कारण बाबा गावच्या जत्रेच्या नाटकांच्या संहिता आणि सगळ्यांच्या नकला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे संवाद, टाइप करतात आणि त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या काळातलं, ते फक्त विंडोजवर चालतं. आणि उबुंटू आहे ते भावासाठी, तो फर्मागुडीला इंजिनीअरिंग करत होता तेव्हा 2021 ला त्याने टाकलं. आता तो नोकरीला पुण्यात आहे, उबुंटू मी वापरते, शाळेचं काम त्यातच करते, जुन्या लॅपटॉपवर ते हलकं चालतं. सुरू केला की काळ्या स्क्रीनवर मेनू येतो, वरचं उबुंटू, खालचं विंडोज, बाबांनासुद्धा खाली जाऊन एंटर मारायची सवय झालेली.

तर झालं असं की मे महिन्यात शाळा सुटली, जूनपासून मला शाळेत वेगळा लॅपटॉप मिळाला, आणि बाबांचंही पावसात काही काम नव्हतं, त्यामुळे हा लॅपटॉप कपाटात पडून राहिला जवळजवळ अडीच महिने. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी बाबांनी काढला, बॅटरी पूर्ण संपलेली, चार्जर लावला, मेनू आला, विंडोज निवडलं तर निळी स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत सुरू केला, मग ऑटोमॅटिक रिपेअरची तयारी चालू आहे असं दाखवून परत निळी स्क्रीन, असं गोल गोल. मी म्हटलं थांबा उबुंटूत बघते, तर उबुंटूही अर्ध्यावर अडकलं, अमुक यूयूआयडी (डिस्कवरच्या कप्प्याचा ओळखक्रमांक) सापडत नाही असं लिहून इनिट्रॅमएफएस नावाच्या काळ्या पाटीवर येऊन थांबलं. दोन्ही एकदम! बाबा काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा बघवेना. त्या लॅपटॉपात अकरा वर्षांच्या नाटकांच्या फाइली आहेत, काहींची छापील प्रतसुद्धा आता कोणाकडे नाही.

घराजवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी चालू केला, निळी स्क्रीन बघितली आणि म्हणाले डिस्क गेली, नवीन एसएसडी घाला, विंडोज टाकून देतो, जुना डेटा हवा असेल तर बाहेर पाठवावा लागेल, त्याचा खर्च वेगळा आणि मिळेलच असं नाही. उबुंटूचं सांगितलं तर म्हणाले दोन दोन सिस्टिम टाकल्या की असंच होतं, ते काढून टाका. पाच मिनिटांत निकाल. मी काही न बोलता लॅपटॉप उचलून आणला.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी म्हापशाचं हे दुकान सांगितलं. शुक्रवारी गेले ही चूक, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे माहीतच आहे, बस अस्नोड्यापर्यंत ठीक आली आणि पुढे ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या गतीने. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, एक टेबल, एक दिवा, भिंतीवर स्क्रूड्रायव्हर ओळीने लावलेले. पंचावन्न साठीचे असतील, सगळे भाई म्हणतात, मीही भाईच म्हटलं.

भाईंनी लॅपटॉप हातात घेतलाच नाही आधी. म्हणाले स्क्रीनवर काय काय येतं ते पहिल्यापासून क्रमाने सांग. मी सांगितलं, मेनू येतो, मग असं, मग तसं. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "डिस्क गेल्या म्हूण कोणें सांगलें तुका? हो मेनू खंयसावन येता?" म्हणजे डिस्क गेली असं कोणी सांगितलं, हा मेनू मग येतो कुठून?

मला त्या क्षणी कळलं. मेनू म्हणजे ग्रब, आणि ग्रब तर त्याच डिस्कवर ठेवलेलं असतं, ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यात, आणि उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. डिस्क मेली असती तर मेनूच आला नसता. म्हणजे बायोसला, मदरबोर्डवरचा जो प्रोग्राम सगळ्यात आधी सुरू होतो त्याला, डिस्क दिसते, ग्रबला दिसते, पण पुढे विंडोज किंवा लिनक्स स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायला जातात तेव्हा त्यांना दिसत नाही. दोन वेगवेगळ्या सिस्टिम एकाच दिवशी आपापल्या कारणाने बिघडतील असं सहसा होत नाही, त्या दोघींच्या खाली जे एक आहे तिथेच काहीतरी बदललंय, हे त्यांनी मला कागदावर चौकोन काढून समजावलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं थांबलेली, तरी घाई केली नाही.

मग बायोस उघडायच्या आधी विचारलं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, आहे का. मला माहीत नव्हतं. म्हणाले आधी तेवढं बघ, कारण विंडोजची डिस्क लॉक केलेली असेल तर बायोसमधला एखादा बदल झाला की ती 48 अंकांची रिकव्हरी की मागते, आणि ती की नसली तर आतलं सगळं असून नसल्यासारखं. त्यांनी मला माझ्याच फोनवर बाबांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडायला लावलं, लॉक चालू असेल तर की बहुतेक तिथे साठवलेली असते. आमची तिथे नव्हती, म्हणजे बहुतेक लॉक चालूच नाही, पुढे उबुंटूतून विंडोजचं पार्टिशन सरळ उघडलं तेव्हा खात्रीच झाली. पण विचारलं ना त्यांनी आधी. हे विचारणारा दुसरा कोणी मला आजवर भेटलेला नाही.

एफ 2 दाबून बायोसमध्ये गेले तर तारीख 1 जानेवारी 2018. भाई तिथेच थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मला एकदम आठवलं, एप्रिलमध्ये एकदा काही वेबसाइट उघडत नव्हत्या, सर्टिफिकेटचा एरर येत होता, घड्याळ मागे गेलेलं, मी ते बरोबर केलं आणि विसरून गेले. तीच पहिली खूण होती. मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो, सीआर 2032, घड्याळ आणि बायोसची सेटिंग त्याच्यावर टिकतात. तो संपत आला तरी मोठ्या बॅटरीत चार्ज असेपर्यंत सहसा समजत नाही, पण आमची मोठी बॅटरीही अडीच महिन्यांत शून्यावर आली आणि बायोस विसरलं, कंपनीतून आलं तसं झालं.

आणि कंपनीतून येताना या लॅपटॉपात डिस्कचा मोड आरएसटी होता, इंटेलचा तो रेडवाला (आरएआयडी) मोड, ज्यात डिस्क इंटेलच्या ड्रायव्हरमार्फतच दिसते. त्या मोडमध्ये एनव्हीएमई (एसएसडीचा एक प्रकार) डिस्क लिनक्सला दिसतच नाही, म्हणून भावाने 2021 ला तो एएचसीआय, म्हणजे दोन्ही सिस्टिमना समजणारा साधा मोड, केला होता. आणि नुसता मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन देतं म्हणून आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून, मग बायोसमध्ये मोड बदलून, मग सेफ मोड काढून, असं त्याने केलेलं, हे नंतर फोनवर कळलं. तेव्हापासून विंडोजला एएचसीआयचीच सवय. आता मोड परत आरएसटी झाल्यावर दोघांनाही डिस्क दिसेनाशी झाली. गंमत म्हणजे उबुंटूच्या त्या काळ्या स्क्रीनवर वर कुठेतरी लिहिलेलंही होतं, एक रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइस सापडलं, ते वापरायचं असेल तर बायोस रेडवरून एएचसीआयवर करा. लिनक्सने उत्तर सांगितलेलं, भाईंनी ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. मी ती ओळ घरी दहा वेळा बघितली असेल.

पुढचं काम पाऊण तासाचं. बायोसच्या प्रत्येक पानाचा माझ्याच फोनवर फोटो काढायला लावला, काही बदलायच्या आधी. मग चार्जर काढून, मागचं झाकण उघडून सेल बाहेर काढला, आमच्यात तो वायर आणि छोट्या कनेक्टरवाला होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मीटर लावून दाखवला, 3 व्होल्टचा सेल 1 च्या आसपास. आपल्याकडच्या दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर बसतो तोही पुसला. नवीन सेल, तारीख बरोबर, मोड एएचसीआय, सेव्ह. मेनूत पहिलं उबुंटू निवडलं, विंडोज नाही, मी विचारलं का, तर म्हणाले विंडोज रिपेअरच्या नादात अजून काहीतरी लिहीत बसेल, आधी फाइली बाहेर काढू. उबुंटू सुरू झालं आणि त्यातून बाबांचं नाटकांचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवीन अशा दोन फाइलींचा साइज बघितला, आणि मगच रीस्टार्ट करून विंडोज. तेही आलं. बाबांना तिथूनच फोन केला, ते काही सेकंद बोललेच नाहीत.

एवढं झाल्यावर निघायला हवं होतं पण मी आमच्या जुन्या दोन तक्रारीही सांगितल्या. एक, उबुंटूतून बाबांच्या फाइली उघडतात पण सेव्ह होत नाहीत, वर्षानुवर्षं. ते विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे, शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि डिस्क अजून आपल्याच ताब्यात आहे असं धरून ठेवतं म्हणून लिनक्स तिथे लिहायला जात नाही, फक्त वाचतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन एक टिक काढली, संपलं. आणि दुसरं, सिस्टिम बदलली की घड्याळ साडेपाच तास पुढे मागे. विंडोज लॅपटॉपच्या घड्याळातली वेळ भारताचीच वेळ समजतं आणि लिनक्स ती ग्रीनिचची समजतं, फरक बरोबर 5 तास 30 मिनिटांचा. उबुंटूत एका कमांडने त्याला सांगितलं की घड्याळात स्थानिक वेळच ठेव. उबुंटू स्वतः तसं करू नका असा इशारा देतं, भाईंनी तोही वाचून दाखवला, मग विचारलं चालेल ना.

एकच गोष्ट त्यांनी केली नाही. मी म्हटलं विंडोज 11 टाकता का, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. म्हणाले बाबांचं सॉफ्टवेअर तिथे चालेल याची मला खात्री नाही, चवथीच्या तोंडावर नको, विंडोज फक्त टायपिंगला ठेवा, नेट बंद ठेवा, बँकेचं आणि मेलचं सगळं उबुंटूत करा. आम्ही तसंच करतोय.

पैसे, सेल आणि मजुरी धरून 450 रुपये. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. फोन उचलत नाहीत, दोनदा लावला, एकदाही नाही. दुपारी एक ते साडेतीन बंद, जेवून झोपतात, दारावर तशी पाटीही नाही, माझ्यासमोर एक मुलगा डोंगुर्ल्याहून, म्हणजे जवळजवळ सत्तरी तालुक्याच्या टोकावरून आलेला, जिन्यात बसून राहिला. बसायला एकच खुर्ची. बिल कागदावर हाताने लिहून देतात, ऑफिसला पावती हवी असेल तर आधी विचारा. आणि कामाची वेळ सांगत नाहीत, होईल तेव्हा होईल, माझं त्याच दिवशी झालं पण शेजारच्या बाईंचा प्रिंटर आठवड्याने मिळालेला.

तरी पाचापैकी पाच देते. दोन सिस्टिमवाला लॅपटॉप घेऊन कुठल्याही दुकानात गेलात आणि त्यांनी पहिला शब्द फॉरमॅट काढला तर लॅपटॉप परत घ्या, मेनू येतोय का ते स्वतः बघा, बायोसमधली तारीख बघा, डिस्कचा मोड बघा. मेनूच येत नसेल आणि सरळ विंडोज सुरू होत असेल तर ते वेगळं दुखणं, बहुतेक वेळा बायोसमधला बूटचा क्रम बदललेला असतो आणि उबुंटू परत वर आणून ठेवलं की काम होतं, त्याला तर दुकानातही जायला नको.

लॅपटॉपच्या खाली भाईंनी पांढरी पट्टी चिकटवलीय, त्यांच्या अक्षरात, "डिस्क मोड एएचसीआय, सेल बदलला", आणि खाली महिना वर्ष. बाबांनी त्याच्यावर सेलोटेप लावून घेतली. नकलांच्या प्रिंट रविवारी काढल्या, पहिली तालीम चवथीची सुट्टी संपली की देवळाच्या मंडपात.