जॅम्युलस वापरून घरबसल्या रियाज : ठाणे ते नेरूळ, आमचा अनुभव

तबलेवाला नेरूळला, पेटीवाला ऐरोलीला आणि मी घोडबंदर रोडला, म्हणजे संध्याकाळी जमायचं म्हटलं की अर्धा रियाज ट्रॅफिकमध्येच. झूमचं नावच काढू नका, समेवर कोणी कोणाला भेटतच नाही आणि वर ते तानपुऱ्याला नॉइज समजून कापून टाकतं.

जॅम्युलस म्हणजे नेटवरून एकत्र गायचं-वाजवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, व्हिडिओ नाही फक्त आवाज. सगळ्यांचा आवाज सर्व्हरवर जातो, तिथे मिक्स होऊन परत येतो, त्यामुळे सर्व्हर जवळ पाहिजे. युरोपातला सर्व्हर घेतलात तर पिंगच (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या पुढे, विषय संपला. आम्ही मुंबईतला छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला, पिंग एकआकडी!

तरी सुरुवातीला ओव्हरऑल डिले, म्हणजे एकूण उशीर, ऐंशी मिलिसेकंदांच्या वर दाखवत होतं. म्हणजे उशीर नेटमध्ये नव्हताच, आमच्या घरात होता. ब्लूटूथ हेडफोन आधी काढा, ते एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात. मग वायफाय सोडून राउटरमधून लॅनची वायर थेट लॅपटॉपला, कारण वायफायवर पॅकेट मागेपुढे येतात आणि ते सांभाळायला जिटर बफर (पॅकेट क्षणभर थांबवून ओळीत लावणारा साठा) वाढवावा लागतो. विंडोजवाल्यांनी साउंड कार्डचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात आत-बाहेर करणारा) टाका, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल. साउंड कार्डचा बफर 128 सॅम्पल, 48 किलोहर्ट्झला म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. एवढं केल्यावर डिले तिशीत आला आणि जॅम्युलसमधला डिलेचा दिवा हिरवा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर जातो, म्हणजे तबला दहा मीटरवर बसलाय असं धरा.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. स्वतःचा आवाज सर्व्हरवरून परत आलेलाच ऐकायचा, डायरेक्ट मॉनिटरिंग (साउंड कार्डातून थेट कानात येणारा स्वतःचा आवाज) बंद. पहिल्यांदा विचित्र वाटतं, गाताना तर फारच, पण नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय उतरत जाते.

विलंबित, मध्यलय झकास. द्रुतमध्ये मात्र तबलेवाला कुरकुरतो, रेला, म्हणजे बोलांची वेगवान सलग धार, सुरू झाला की हात ओढल्यासारखा वाटतो म्हणे, आणि त्याचं खरंय, तिथे समोरासमोरच बसावं लागतं.

चार स्टार. एक कापला तो स्क्रीनसाठी, दिसायला 2006 सालचं सॉफ्टवेअर वाटतं. आहेच म्हणा ते 2006 पासूनचं.