ऑइल कूलरच्या क्षारासाठी लावलेली इलेक्ट्रॉनिक कॉइल, सहा महिन्यांनंतर

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंगचं युनिट आहे. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं, रिपोर्टमध्ये हार्डनेस, म्हणजे पाण्यातला क्षार, लिटरला 480 मिलीग्रॅम आला होता, पिण्याच्या पाण्याला 200 पर्यंत ठीक धरतात त्यावरून समजा. मशीनचं गरम ऑइल पाण्याने थंड करणारा ऑइल कूलर दर तीन महिन्याला क्षाराने चोक, एप्रिलमध्ये ऑइल 60 अंशांच्या वर गेलं की मशीन बंद, मग रात्रपाळीची पोरं कूलरवर ओली गोणपाटं टाकून बसायची. दरवेळी ॲसिड मारून साफ करायचो, शेवटच्या वेळी तांब्याच्या एका ट्यूबला भोक पडलं, ऑइलमध्ये पाणी, अख्खं ऑइल फेकावं लागलं. तेव्हाच ठरवलं ॲसिड बंद. पाण्यातला क्षार काढणारा, मिठावर चालणारा सॉफ्टनर बघितला पण मिठाच्या गोण्या आणणार कोण आणि ते खारट पाणी सोडायचं कुठे.

मग ही पाइपवर गुंडाळायची कॉइल घेतली, पीव्हीसीच्या तुकड्यावर बसवली, तासाभराचं काम. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं आणि कार्बोनेट होऊन गरम नळीलाच चिकटतं, कॉइलवाल्यांचं म्हणणं की तो क्षार नळीला न चिकटता पाण्यातच बारीक कण होऊन फिरतो. पहिले दोन महिने मला वाटलं पैसे गेले, कारण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, जेवढा होता तेवढाच. अहो पण तो कमी होणारच नाही, क्षार पाण्यातून बाहेर जातोच कुठे! कूलरचं पाणी थंड होऊन परत फिरतं त्या कूलिंग टॉवरचा ड्रेन आम्ही कधी उघडतच नव्हतो, तळाला बोटभर पांढरा गाळ. आता रोज सकाळी दहा मिनिटं ड्रेन, शिवाय फिरत्या पाण्यातलं थोडं पाणी गाळत राहणारा एक साइड फिल्टर लावला.

दिवाळीच्या सुट्टीत कूलर उघडला. आधी रॉड घालून ठोकावं लागायचं, यावेळी वरचा थर बोटाने पुसला, पिठासारखा हाताला लागला. खालचा जुना थर मात्र होता तसाच कडक, तो कॉइलने निघत नाही, लावायच्या आधी एकदा नीट साफ करूनच घ्या, कारण तांब्यातून जाते त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उष्णता त्या थरातून जात नाही. ऑइल आता 50 च्या आसपास राहतं.

यात कॉइलचं किती आणि ड्रेनचं किती ही वाटणी मला करता येणार नाही, पण नुसती कॉइल लावून मोकळं व्हायचं असेल तर घेऊच नका. आणि घ्यायच्या आधी पाण्याच्या रिपोर्टमध्ये सिलिका पण तपासून घ्या, आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या बोअरला ती असते आणि तिचा थर काचेसारखा बसतो, त्याच्यासाठी हे मशीन नाही.