दाबोळी परिसर: दर इमारतीला दाखला की आराखड्यातच उंची?

गोव्यातला दाबोळीचा विमानतळ १९६२ पासून नौदलाकडे आहे. आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळाची लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर उतरतात. त्यामुळे शेजारच्या वास्को-चिखलीत बांधकामाची उंची हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

आजची वाट म्हणजे प्रत्येक प्रकल्पासाठी नौदलाचा वेगळा ना-हरकत दाखला. यात त्या जागेची नेमकी तपासणी होते, हे मान्य. पण उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजतात. पठारावरच्या प्लॉटची बरीच मर्यादा जमीनच खाऊन टाकते. वर लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, अँटेनाही मोजतात. सामान्य माणसाला हे कळतं ते बहुतेकदा फ्लॅटचे पैसे भरल्यावर. हा अन्याय आहे.

दुसरी वाट: नौदल, पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण) आणि पंचायतीने एकत्र बसून बाह्यविकास आराखड्यातच, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या नकाशातच, उंचीचे रंगीत पट्टे आखायचे. अनेक नागरी विमानतळांभोवती असे नकाशे आहेतच. जमीन घेण्याआधीच मर्यादा दिसते. वेळ लागेल, तळाची काही माहिती गुप्तही राहील. तरी मी याच बाजूचा. धावपट्टीच्या तोंडाशी आणि तळाच्या कुंपणालगत मात्र स्वतंत्र दाखला हवाच.