टायर पुण्याहून न्यावा, वाटेत घ्यावा की मागवावा?

नेपाळ, तिबेट, किर्गिझस्तान, मग तुर्कस्तानमार्गे युरोप. वीस-बावीस हजार किलोमीटर, बाइक चारशे-साडेचारशे सीसीची. असा बेत आखणाऱ्याला पुण्यात दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, दोन टायर बांधूनच निघ. दुसरा म्हणतो, जगात सगळीकडे सगळं मिळतं. घोटाळा होतो तो टायर आणि पार्ट एकाच तराजूत टाकल्यामुळे. माप जुळलं की टायर कुठल्याही कंपनीचा चालतो, क्लच प्लेट मात्र तुमच्याच मॉडेलची लागते. म्हणून टायर वाटेत घ्यावा, पार्ट इथून न्यावेत आणि कुरिअरच्या वाटेला अडलं तरच जावं.

आधी माप बघा. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंची. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १४०/८०-१७ लागतो. पुढचं माप मोठ्या ॲडव्हेंचर बाइकचंही असल्याने त्याची चिंता नको. अडतं ते मागे, कारण प्रवाशांसाठी टायर ठेवणाऱ्या दुकानांत जास्त करून मोठ्या बाइकची मापं असतात: १५०/७०-१७ किंवा मग १८ इंची. तेव्हा पर्याय निघण्याआधीच ठरवा. १३०/८०-१७ ची त्रिज्या मूळ टायरपेक्षा ८ मिमीने कमी भरते, १५०/७०-१७ ची ७ मिमीने. इतक्या फरकाने गाडी अडत नाही, स्पीडोमीटर थोडा इकडे-तिकडे होतो. पण १५० चा टायर १० मिमीने जास्त रुंद असल्याने चेन आणि स्विंगआर्मपाशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी) किती जागा उरते ते पुण्यातच मोजून वहीत लिहा. खडीवर चालणाऱ्या, जाड ठोकळ्यांच्या टायरची नक्षी बाजूला आलेली असते, तेही धरा. जुन्या हिमालयन ४११ चं १२०/९०-१७ हे वेगळंच माप आहे. बजाजच्या डॉमिनार ४०० च्या १५०/६०-१७ मध्ये रस्त्याचे टायर सहज मिळतात, खडीवर चालणारे नाही.

न्यायचे ठरवलेत तर हिशेब असा: मागचा टायर ६-७ किलो, पुढचा ४-५. हे वजन कॅरिअरवर, मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतं. पुढचं चाक हलकं होतं, वेगात हँडल डोलतं आणि खडबडीत रस्त्यावर सबफ्रेमचे (सीटखालच्या सांगाड्याचे) बोल्ट ढिले होतात. शिवाय कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टमचं कागदपत्र) लागणाऱ्या मार्गावर कार्नेमधल्या जादा टायरच्या रकान्यात आकडा भरून घ्यावा लागतो, नाहीतर सीमेवर तो विक्रीचा माल वाटू शकतो.

एका मार्गावर मात्र वाटेत टायर मिळेल या भरवशावर राहू नये. इराणमध्ये स्थानिकांना २५० सीसीवरच्या बाइक चालवायला मनाई असल्याने दुकानदार मोठी मापं ठेवतच नाहीत. समुद्रमार्गे तिकडून जाणाऱ्याने दुबईतच नवा टायर चढवून पुढे जावं.

मध्य आशियात किर्गिझस्तानमधली ओश आणि बिश्केक ही टायर बदलायची ठिकाणं. पुण्याहून नवा टायर चढवून निघालात तर ओशपर्यंत तो साधारण अर्धा झिजतो. पुढे पामीरच्या डोंगराळ रस्त्याची धारदार खडी. अर्धा शिल्लक आहे म्हणून ढकलू नका, तिथेच बदला. त्यानंतरचा टायर जॉर्जियातल्या तिबिलिसीला किंवा इस्तंबूलला. दुकानातला साठा हंगामावर चालतो, म्हणून महिनाभर आधी मापासकट कळवून टायर राखून ठेवायला सांगा. हातात आला की बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं.

ट्यूब मात्र इथूनच न्या. एकाच ट्यूबला जागा असेल तर २१ ची. घड्या पडून का होईना, ती मागच्या १७ च्या टायरमध्ये गावापर्यंत पोहोचवते. उलट १७ ची ट्यूब २१ मध्ये ताणून बसवली तर लवकर फाटते.

कुरिअर महाग पडण्याचं कारण वजन नसून आकार. एक्स्प्रेस कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात. ६६ × ६६ × १४ चा टायर १२ किलोचा ठरतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट भाडं. त्यावर कस्टमची ड्यूटी आणि थांबणं. काही देश पार्सल घेणाऱ्याचा स्थानिक कर क्रमांकही मागतात.

पार्टचं पारडं मात्र पूर्ण पुण्याकडे झुकतं. मॉडेलचे खास पार्ट शोरूममध्ये पार्ट नंबर देऊन दोन महिने आधी मागवा: क्लच प्लेटचा सेट, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, पुढचे एक आणि मागचे दोन जोड ब्रेक पॅड, दोन्ही लिव्हर, तीन ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, फोर्कचे ऑइल सील, स्पोकचं चाक असेल तर दोन्ही चाकांचे पाच-पाच स्पोक. फ्यूज, रिले, चेनच्या दोन जोडकड्या, लिव्हरचे बोल्ट असला किरकोळ माल पुण्यातल्या नाना पेठेच्या बाजारात घेतला तरी चालतो. ब्रेक पॅड तिथे स्वस्त दिसले तरी मोह टाळा. नवी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुनीच्या शेजारून ओढून टोकं बंद करून ठेवा, तुटली की दहा मिनिटांत जोडता येते. क्लच प्लेट तर आधी नव्या बसवून पाचशे किलोमीटर चालवा आणि चांगल्या निघालेल्या जुन्या सोबत न्या. निदान माप चुकलेलं नाही हे तरी पुण्यातच कळतं.

चाकाचे बेअरिंग उगाच ओझं करून नेऊ नका. कड्यावर नंबर असतो. ६२०२-२आरएस म्हणजे आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिमी, दोन्ही बाजूंनी रबरी सील. असं बेअरिंग ट्रॅक्टर-पंप दुरुस्त होणाऱ्या कुठल्याही गावात मिळतं. तुमच्या बाइकचे नंबर लिहून घ्या, एवढंच. तेलाचंही तसंच, फक्त डब्यावर जासो एमए२ (बाइकच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं हवं. कारच्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ओला (तेलात बुडून चालणारा) क्लच घसरतो.

एक पार्ट लोक हमखास विसरतात, तो म्हणजे फ्यूएल पंप. गाळ असलेल्या पेट्रोलने जाळी तुंबते, पंप तापतो, आणि इंजेक्शनची बाइक रस्त्यात जुगाड करून चालत नाही. पंप नसेल तर निदान जाळी आणि फिल्टर न्या. मागाहून कोणी पुण्याहून विमानाने येणार असेल तर त्याच्याकडे नवा, खोक्यातला पंपच द्या. एकदा वापरलेल्याला पेट्रोलचा वास राहतो आणि तो सामानात चालत नाही.