१,२८,१५० रुपये आणि एक कमी अक्षर

आधीच सांगतो, 'आयटीवाला असून फसलास?' हे मला हवालदारापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल.

मागच्या वर्षी ऐरोलीची नोकरी सोडली. छोट्या दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, एकटाच, फंडिंग नाही, लोन नाही, ऑफिस म्हणजे बेडरूममधलं टेबल. ३१ दुकानं, महिना ४९९ प्रत्येकी, म्हणजे १५,४६९. घर बायकोच्या पगारावर चालतं. हे सांगतोय कारण अशा माणसासमोर कोणी ४२ दुकानांची ऑर्डर ठेवली की डोकं कसं चालतं, म्हणजे कसं बंद पडतं, ते कळावं.

मला फसवणारा हा माणूस माझ्याच एका दुकानदाराच्या ओळखीने आला. अंधेरीत चकाल्याच्या उडप्याकडे भेटलो. एका केंद्रीय उपक्रमाच्या कर्मचारी भांडारांचं टेंडर आहे, ४२ दुकानं, दुकानामागे वर्षाला १८,०००, एकूण ७,५६,०००. "सर, तुम्ही कोड लिहा, कागद माझ्यावर सोडा." चहाचे पैसे त्यानेच दिले. आता आठवलं की तेच जास्त झोंबतं.

त्याने घेतलेले पहिले २,९५० उद्यम रजिस्ट्रेशनचे, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीचे. उद्यम फुकट असतं हो! सरकारी पोर्टलवर आधार नंबर टाकून स्वतः करता येतं, एक रुपया लागत नाही. मी गुगल केलं तर वर जाहिरातवाल्या दोन-तीन साइट तेवढेच पैसे मागत होत्या, म्हणून वाटलं रेट असेल. मग ११,८०० कन्सल्टन्सी, जीएसटीसकट. त्याचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आलं, आणि इथेच मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी होती.

त्या बिलावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरी होता.

जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, मग दहा अक्षरांचा पॅन, मग बाकीची तीन, शेवटचं चेकसाठी. हे मला कोणी शिकवायची गरज नाही, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ते तपासणारा कोड मीच लिहिलाय, नंबर चुकला की चौकट लाल होते आणि बिल सेव्हच होत नाही. भांडुपचा किराणावाला चुकीचा नंबर टाकू शकत नाही माझ्याकडे. आणि मी दादरला गाडी बदलताना ते बिल बघितलं, काहीतरी आखूड वाटलं, आणि टायपिंग करणाऱ्या पोराने खाल्लं असेल एखादं अक्षर म्हणून फोन खिशात टाकला. माझी उलाढाल २० लाखांच्या खूप खाली, माझं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घ्यायचंच नव्हतं, मग नंबर कशाला तपासू, असा विचार केला. चुकीचा होता का? तेव्हा तरी नव्हता वाटला. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर शोधता येतो. पैसे पाठवायच्या आधी शोधा, मग समोरचा कितीही 'सर सर' करो.

पुढे ईएमडी, म्हणजे टेंडर भरतानाची अनामत, ३७,८००, ऑर्डरच्या बरोबर पाच टक्के, हिशेब चोख. केंद्राच्या खरेदीत उद्यमवाल्या सूक्ष्म-लघु उद्योगांना ईएमडी माफ असतो! म्हणजे त्याने आधी २,९५० घेऊन मला जे सर्टिफिकेट काढून दिलं, त्याच सर्टिफिकेटमुळे जी रक्कम भरायची नसते ती माझ्याकडून घेतली. तीही एका माणसाच्या सेव्हिंग खात्यात, आयएमपीएसने. आणि शेवटी 'वर्क ऑर्डर निघालीये, फक्त परफॉर्मन्स गॅरंटी' म्हणून, म्हणजे काम नीट करण्याची हमी म्हणून, ७५,६००. वर्क ऑर्डर मागितली तर लेटरहेडचा फोटो, तोही तिरका. सिक्युरिटी ऑडिटसाठी म्हणून सोर्स कोडची झिपही नेली. लेखी लिहून दिल्याशिवाय कॉपीराइट जात नाही, १९५७ चाच कायदा आहे, पण तो कोड आता कुठल्या शहरात कुठल्या नावाने विकला जातोय ते मला कोण सांगणार? डेमो द्या, तुमच्या सर्व्हरवर द्या, झिप देऊ नका.

नंतर फोन बंद. मी आठ दिवस 'साहेब गावाला असतील' करत बसलो आणि नवव्या दिवशी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही आठ तासही थांबू नका, शंका आली की तिथल्या तिथे लावा.

पोलिसांचं काय सांगू. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार अंधेरीला ठरला ना, तिकडे जा. तिकडे गेलो तर राहता कुठे, पैसे घरून पाठवलेत ना, मग तिकडे. परत आलो तर खातं दुसऱ्या राज्यातलं निघतंय, बघावं लागेल. मग, तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सिव्हिल मॅटर आहे. अरे, खोटी वर्क ऑर्डर देऊन पैसे घेतले, सिव्हिल कसला? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या १७३ कलमात लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मोबाईलवर उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले, चष्मा घरी राहिलाय. त्याच चष्म्याशिवाय माझ्या अर्जातली तारखेची चूक बरोबर दिसली. चार फेऱ्या, चार दिवस काम बंद, त्यात दोन दुकानदार सपोर्ट मिळत नाही म्हणून सोडून गेले, ते ९९८ महिन्याचे वेगळेच.

बँकेतली बाई निदान नीट बोलली. कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर पैसे परत, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी प्रिंट काढून नेला होता. तो तुम्ही न केलेल्या व्यवहारासाठी आहे, म्हणाली. यावर काय बोलणार.

ज्या दुकानदाराने ओळख करून दिली तो म्हणतो, मी फक्त नंबर दिला होता. खरंय. पण आता ओळखीतून आलेल्यालाही मी आधी पॅन आणि जीएसटी नंबर विचारतो, राग आला तर येऊ दे.

गुरुवारी परत बोलावलंय, बँक स्टेटमेंटच्या तीन कॉप्या घेऊन. घरी प्रिंटर आहे, पण बायकोला मी ५२,५५० पर्यंतच सांगितलंय, शेवटचे ७५,६०० अजून नाही. त्यामुळे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणार आहे.